परजीवींच्या पेशींवर संशोधन करणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं? मराठी शाळेतून आलेल्या मुलीला जमेल का?

विचारणारी मुलगी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. घरी दोन म्हशी आणि एक जर्सी. परजीवींच्या पेशींवर काम करणारे शास्त्रज्ञ दिवसभर नेमकं काय करतात, त्यात पोट भरतं का, आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला ते झेपेल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी उचगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. गेली सव्वीस वर्षं हेच काम करते, आधी हिवतापाच्या परजीवीवर आणि नंतर जनावरांच्या गोचीड तापाच्या परजीवीवर. वयानं तू माझ्या पुतणीएवढी असशील, म्हणून 'तू' म्हणते.

तुझ्या घरी जर्सी आहे हे वाचलं आणि मी तिथंच थांबले. मी सातवीत असताना वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून एक जर्सी आणली होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिला ताप भरला. वैरण सोडली, दूध आटलं, डोळे सुजून पाणी गळायला लागलं, आणि खांद्याच्या पुढं कातडीखाली लिंबाएवढी गाठ आली. जनावरांचे डॉक्टर सायकलवरून आले, गाठीत सुई घातली, काचेवर एक थेंब पसरला आणि काच कागदात गुंडाळून घेऊन गेले. त्या रोगावरचं औषध तेव्हा आमच्या भागात मिळत नव्हतं. आठव्या दिवशी गाय गेली. शेजारच्याच दावणीला आमची गावरान गाय होती. तिच्या अंगावर गोचीड कमी नव्हते, उलट जास्तच असतील. तिला काही झालं नाही. आईनं जर्सीचं दावं सोडून खुंटीला अडकवलं आणि गावरान गायीपुढं पेंढी टाकली, ते मला अजून दिसतं. एक गोठा, एकच गोचीड, मग एक गाय मेली आणि एक रवंथ करत बसली हे कसं, हा प्रश्न तिथून माझ्याबरोबर आला तो अजून आहे.

ह्या प्रश्नाचा थोडा भाग इतरांनी सोडवलाय. स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी आपल्याकडच्या साहिवाल आणि विलायती होल्स्टीन वासरांना सारखीच लागण करून बघितली, तेव्हा साहिवाल वासरांचा आजार पुष्कळ सौम्य राहिला. आपल्याकडच्या जनावरांच्या पेशी परजीवीला बघून तेवढा आगडोंब उसळू देत नाहीत, असं त्यातून दिसतं. पण पेशीच्या आत हे कशामुळं होतं त्याचे धागे अजून सुटे सुटेच आहेत.

आता रोग सांगते, म्हणजे आम्ही काय करतो ते त्यातच कळेल.

गोचीड तापाच्या परजीवीचं नाव थायलेरिया अॅन्युलाटा. हायलोमा जातीचे गोचीड तो पसरवतात. गोचीड चिकटल्या चिकटल्या तो गायीच्या अंगात उतरत नाही. गोचीड रक्त प्यायला लागला की त्याच्या लाळग्रंथीत परजीवी दोन-तीन दिवसांत पिकतो आणि मग लाळेबरोबर खाली येतो. आमची आजी रोज संध्याकाळी गायीच्या कानामागं, कासेजवळ हात फिरवून गोचीड काढायची. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ती बरोबर वेळेत काढत होती.

उतरलेला परजीवी गायीच्या पांढऱ्या पेशीत शिरतो. ज्या पेशींनी जंतू मारायचे, त्यांच्यातच तो घर करतो. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत जाताना स्वतःभोवती एक पडदा ओढून घेतो आणि त्या पिशवीतच वाढतो. थायलेरिया आत गेल्यावर थोड्याच वेळात ती पिशवी विरघळवतो आणि पेशीच्या पोटात उघडा राहतो. तिथं मायक्रोट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. पेशी दुभागते तेव्हा ह्याच नळ्या गुणसूत्रांची दोन्हीकडं सारखी वाटणी करतात. थायलेरिया ह्या नळ्यांना धरून बसतो. पेशी दुभागायला लागली की तोही ताणला जातो आणि पेशीचे दोन भाग होतात तेव्हा त्याचेही दोन होतात. दोन्ही कन्यापेशींत तो असतोच. बाहेर पडून नवी पेशी शोधायचा धोका त्याला घ्यावा लागत नाही. त्यासाठी तो यजमान पेशीचंच, म्हणजे ज्या पेशीत राहतो तिचंच, एक प्रथिन, पोलो-लाइक कायनेज, स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं.

हे सगळं मी वाचलेलं होतं. पण पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं तेव्हाची गोष्ट वेगळी. परदेशात होते, कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर संध्याकाळी सातनंतरची वेळ मिळाली होती. नळ्या हिरव्या रंगवल्या होत्या, परजीवीची बाहेरची कड लाल, आणि जिथं जिथं डीएनए आहे तिथं निळं. खोलीत अंधार करून एकेक पेशी बघत गेले. एका पेशीत यजमानाची गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी होती, ठळक निळी. तिच्या अंगाला लागून लाल कडेचा एक लांबुळका आकार, आणि त्याच्या पोटात मोहरीसारखे निळे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे परजीवीचं एकेक केंद्रक. मी मोजले, एकोणीस भरले. हिरव्या नळ्या दोन्ही टोकांकडून येऊन त्या लाल आकाराला भिडल्या होत्या. मला एकदम आमच्या जर्सीची ती गाठ आठवली. लिंबाएवढी गाठ म्हणजे ह्याच पेशी, अशाच दुभागत गेलेल्या.

थायलेरियाची लागण झालेली पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी वाढतच राहते. फ्लास्कमध्ये घातली तर वर्षानुवर्षं वाढते. पण बुपारव्हाक्वोन हे औषध घालून आतला परजीवी मारला की काही दिवसांत पेशीची वाढ थांबते. म्हणजे पेशीला लागलेलं ते वेड परजीवीच्या जिवावर होतं. माणसाच्या कर्करोगात असं सरळ मागं फिरणं सहसा बघायला मिळत नाही, म्हणून कर्करोगावर काम करणारेही थायलेरियाकडं लक्ष ठेवून असतात. २०१५ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी दाखवलं की परजीवी पिन-१ नावाच्या प्रथिनाची स्वतःची आवृत्ती यजमान पेशीत सोडतो आणि त्यातून ही वाढ चालू ठेवतो. कणभर जीव, सगळी मिळून चार गुणसूत्रं, आणि गायीच्या पेशीचा कारभार तो हातात घेतो. मला ह्याचं आजही नवल वाटतं.

आता दिवसभर काय करतो. खरं सांगायचं तर ज्याला मारायचं त्याला जगवत बसतो. परजीवी दुसऱ्याच्या पेशीतच जगतो, त्यामुळं त्याचा अभ्यास करायचा म्हणजे आधी यजमान पेशी पोसायच्या. माझी पीएचडी मलेरियाच्या फाल्सिपॅरम परजीवीवर झाली. १९७६ पर्यंत हा परजीवी माणसाच्या शरीराबाहेर सलग वाढवणं कुणाला जमलेलं नव्हतं. त्या वर्षी ट्रेगर आणि जेन्सन ह्यांनी ते करून दाखवलं, आणि त्यांच्या पद्धतीतली एक वस्तू होती साधी मेणबत्ती. बंद काचेच्या भांड्यात बशा ठेवायच्या, आत मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट करायचं. ज्योत विझते तोवर आतला प्राणवायू कमी झालेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला. परजीवीला नेमकं तेच मानवतं. आता बहुतेक ठिकाणी सिलिंडरमधून मोजून वायू सोडतात, पण मी शिकले ते मेणबत्तीवरच. झाकणाच्या कडेला ग्रीस लावताना बोटांना येणारा तो वास अजून लक्षात आहे.

कल्चरला, म्हणजे असं शरीराबाहेर वाढवलेल्या परजीवींना, माणसाचं ताजं रक्त लागतं, सदतीस अंश तापमान लागतं, आणि रोज मिडियम, म्हणजे पोषक द्रव, बदलावं लागतं. रोज म्हणजे रविवारी, गणपतीत, दिवाळीच्या पाडव्यालाही. तुझ्या घरी म्हशी आहेत म्हणजे तुला हे समजावून सांगायला नको. धार चुकली की म्हैस आटते, मिडियम चुकलं की कल्चर बसतं. माझ्याबरोबर लागलेल्या हुशार मुलांपैकी दोघांनी दोन वर्षांत हे सोडलं, आणि डोक्यानं ती दोघंही माझ्यापुढं होती. रोजच्या ह्या बांधिलकीचा त्यांना जाच व्हायचा. मला झाला नाही, कारण आईला पहाटे चारला उठताना मी जन्मभर बघितलं होतं.

शिवाय वेळ परजीवीची, आपली नाही. फाल्सिपॅरमचं तांबड्या पेशीतलं एक चक्र साधारण अठ्ठेचाळीस तासांचं. आधी अंगठीसारखा, मग फुगलेला, मग एकाचे सोळा ते बत्तीस, मग पेशी फुटते आणि प्रत्येक पिल्लू मिनिटा-दोन मिनिटांत नव्या पेशीत शिरतं. ते शिरणं बघायचं असेल तर सगळे एका वयाचे करून घ्यावे लागतात. पाच टक्के सॉर्बिटॉल, हा साखरेसारखा पदार्थ, घातलं की मोठे परजीवी असलेल्या पेशी फुटतात आणि लहान अंगठ्या तेवढ्या मागं राहतात. १९७९ सालची ही युक्ती आजही रोज वापरतात. मग तास मोजायचे. फुटायची वेळ रात्री अडीचची आली तर रात्री अडीचला तिथं असायचं. प्रयोगशाळेच्या बाकावर माझी चादर ठेवलेली असायची.

ह्याच परजीवीच्या पोटातली एक गोष्ट तुला आवडेल म्हणून सांगते. त्याच्यात चार पडद्यांचं एक छोटं अंग असतं, अॅपिकोप्लास्ट. कधी काळी त्याच्या पूर्वजानं एक शेवाळ गिळलं होतं, त्याचा हा उरलेला भाग. हिरवेपणा गेला, उन्हावर अन्न करणं गेलं, पण काही आवश्यक पदार्थ तिथंच तयार होतात, म्हणून तो भाग टाकून देता आला नाही. डॉक्सिसायक्लिनसारखं जिवाणूंवरचं औषध मलेरियावर हळूहळू का होईना चालतं ते ह्याच्यामुळं. १९९६-९७ च्या सुमाराला हे उलगडलं आणि मी एमएस्सीला असताना आमच्या सरांनी ते वर्गात सांगितलं. धारवाडच्या त्या वर्गात मी ठरवलं की हेच करायचं.

वाईट काळही सांगायला हवा. पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझ्या सगळ्या कल्चरना मायकोप्लाझ्मा लागला. हा इतका बारीक जिवाणू की मिडियम गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळं पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. सगळं छान दिसत होतं. फक्त आकडे दर आठवड्याला वेगळे येत होते आणि मी स्वतःच्या हाताला दोष देत होते. शेवटी एका मैत्रिणीनं डीएनएचा रंग घालून बघायला सांगितलं, तर केंद्रकांच्या बाहेर सगळीकडं निळी धूळ. सात महिन्यांची निरीक्षणं टाकून द्यावी लागली. फ्लास्क ब्लीचमध्ये बुडवताना मी रडले. गावाकडं फोन केला तर आई म्हणाली, "गाय गेली म्हणून गोठा मोडलाव काय आपण?" मग द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या जुन्या नळ्या बाहेर काढल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. आता माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या आठवड्यात मायकोप्लाझ्माची चाचणी शिकवते, बाकी सगळं नंतर.

भाषेचं विचारलंस. मी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, दहावीपर्यंत शेजारच्या गावातल्या मराठी हायस्कूलमध्ये. बेळगावात टिळकवाडीच्या कॉलेजात आल्यावर पहिलं वर्षभर तासाला काय चाललंय ते कळायचं नाही. मी एक वही केली. डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मला समजलेला अर्थ मराठीत, जमेल तर चित्र. दोन वर्षांत पाच-सहाशे शब्द झाले असतील, आणि पुढं लक्षात आलं की ह्या विषयाला रोज लागणारे शब्द साधारण तेवढेच आहेत. पुढं एका मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं आणि समितीतले एक जण तोंडावर म्हणाले की हिला नीट बोलता येत नाही, ही काय शिकवणार. तिथं निवड झाली नाही. त्या दिवसाचा राग मला बरीच वर्षं होता. पुढच्या मुलाखतीत मी खडू मागून घेतला आणि पेशी दुभागताना परजीवी कुठं असतो ते फळ्यावर काढून दाखवलं. चित्र बरोबर असलं की वाक्य मोडकं असून चालतं, निदान आमच्या विषयात तरी.

आणि कानडी सोडू नको. घरी मराठी, फॉर्म कानडीत, परीक्षा इंग्रजीत, ह्या ओढाताणीत आपण सीमाभागातली मुलं वाढतो आणि त्याचा त्रास होतो हे मला माहीत आहे. पण चिकोडी, गोकाक, अथणीकडच्या गोठ्यांत नमुने घ्यायला जाते तेव्हा मी 'उण्णी' म्हटलं की शेतकरी स्वतः गायीची शेपटी उचलून दाखवतात. आपल्या गावांत 'गोचीड' म्हटलं की तसंच. दोन्हीकडच्या गोठ्यात अशी सहज जाऊ शकणारी माणसं ह्या विषयात फार थोडी आहेत.

पोट भरतं का? भरतं, पण उशिरा. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ ही परीक्षा देऊन किंवा डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (भारतीय वैद्यक संशोधन परिषद) ह्यांची फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचं विद्यावेतन, मिळव. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पैसे कधी कधी महिनोन् महिने अडकतात, त्यामुळं थोडी गाठ बांधून ठेवावी लागते. पीएचडीला पाच-सहा वर्षं, नंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. पक्की नोकरी पस्तिशीच्या आसपास लागली तर लवकर लागली म्हणायचं. लग्नाचं घरचे विचारणार, आणि मुलींना जास्त विचारणार. मी वडिलांना एवढंच सांगितलं होतं की फेलोशिप आहे तोवर तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही, आणि ते ऐकून ते गप्प झाले होते. तुझ्या घरी काय चालेल ते तूच जाणतेस. नेट मला दुसऱ्या खेपेला मिळाली, हेही सांगून ठेवते.

कुठं जावं म्हणशील तर पुण्याचं नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, दिल्लीचं आयसीजीईबी, मुंबईचं टीआयएफआर, बंगळूरचं आयआयएससी ही नावं डोळ्यांपुढं ठेव. त्याआधी तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, तिचा अर्ज पुढच्या वेळी नक्की भर. दोन महिने कल्चर सांभाळून बघितलंस की हे आपलं काम आहे की नाही ते कुणाला विचारावं लागणार नाही. आणि बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला साध्या चार ओळींचं पत्र लिही. उत्तर नाही आलं तर परत लिही.

ह्या सगळ्याचा गोठ्याला काय उपयोग, असं माझ्या भावानं एकदा विचारलं होतं. गोचीड तापावर भारतात जी लस आहे, रक्षाव्हॅक-टी, ती म्हणजे ह्याच लागण झालेल्या पेशी आहेत. त्या फ्लास्कमधून फ्लास्कमध्ये इतक्या वेळा वाढवल्या की परजीवीची रोग करायची ताकद ओसरली, पण गायीच्या शरीराला त्याची ओळख पटवायचं काम तो करतो. ह्या पेशी जिवंत ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो, कृत्रिम रेतनाच्या कांड्यांना लागतो तोच. रेतनवाले ज्या जाड बुधलीतून कांड्या आणतात ती तू बघितली असशील. कुणीतरी वर्षानुवर्षं रोज मिडियम बदललं, म्हणून ती लस आहे.

सुरुवात मात्र तू आत्ता, घरीच करू शकतेस. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना भेट आणि सांग की गाठ आलेलं, ताप असलेलं जनावर आलं तर गाठीतल्या थेंबाची एक काच मलाही द्या. सुई तू घालू नको, ते काम त्यांचं. काच हवेत वाळव, मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडव, दहा टक्के गिम्सा हा रंग अर्धा तास ठेव आणि हलक्या पाण्यानं धू. गिम्सा कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो, मॅडमकडं माग. तेलाच्या शंभरच्या भिंगाखाली मोठ्या पांढऱ्या पेशी शोध. एखाद्या पेशीत केंद्रकाच्या शेजारी फिकट निळा डाग आणि त्यात तांबूस-जांभळे बारीक ठिपके दिसले तर तो थायलेरिया. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं असे डाग बघितले होते, म्हणून त्यांना कॉखचे निळे देह म्हणतात. माझी पहिली काच मी सुट्टीत घरी आणली होती. आई बाजूला येऊन म्हणाली, "एवढं काय बघूलैस गं त्यात?" तिलाही बघायला लावलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आपल्या जर्सीत हेच होतं?"

तोवर तुमच्या जर्सीच्या रक्ताची एक काच डॉक्टरांकडून करून घे. रोगातून उठलेल्या जनावराच्या तांबड्या पेशींत हा परजीवी थोडा थोडा राहून जातो, बारीक अंगठीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा. सापडला तर हजार पेशींत किती आहेत ते मोजून तारखेसह वहीत लिही आणि काच डॉक्टरांना दाखव. गाय वैरण खात असेल आणि ताप नसेल तर नुसत्या अंगठ्या दिसल्या म्हणून इंजेक्शन देऊ नका, त्यांना विचारूनच ठरवा. पावसाळ्याच्या आधी गोठ्याच्या दगडी भिंतीच्या फटी लिंपून घ्या. गायीवरून उतरलेला हायलोमा तिथंच दडतो.